उद्घाटनाची चाल

नानासाहेब भंगाळेंनी पेढा तोंडात टाकला, बोटं एकमेकांवर चोळली आणि त्याच बोटांनी माझ्या पटावरचं प्यादं उचललं. दोन घरं पुढे नेऊन ठेवलं, पण प्यादं बोट सोडीना. त्यांनी बोट झटकलं, तसं ते पटावर आडवं पडून गडगडलं. बोरोले सरांनी लगबगीने ते उभं केलं आणि मंगल कार्यालयात टाळ्या सुरू झाल्या.

मला शिसारी आली. प्याद्याच्या डोक्यावर खव्याचा कण तसाच राहिला होता आणि त्यावर एक माशी येऊन बसलीसुद्धा.

पेढ्याचं एक वेळ सोडा, तो पुसता आला असता. पण साहेबांनी सरकवलेलं प्यादं होतं राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं. बुद्धिबळ न खेळणाऱ्याला सांगायचं तर, पुढे डावात राजा ज्या कोपऱ्यात जाऊन लपतो, त्या कोपऱ्याची ती भिंत. पहिल्याच चालीला ती भिंत पाडायची म्हणजे चोर यायच्या आधी आपणच कडी काढून ठेवायची. शाळेतली पोरंसुद्धा अशी चाल खेळत नाहीत, आणि खेळलीच तर मास्तर कान धरतात.

"साहेब, परत एकदा," फोटोग्राफर म्हणाला.

साहेबांनी परत एकदा ढकललं. प्यादं आणखी एक घर पुढे गेलं. आमचे मुख्य पंच वैशंपायन यांनी ते गुपचूप एक घर मागे आणलं. टाळ्या पुन्हा झाल्या.

महिलांच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेची ती शेवटची फेरी होती. शेवटच्या फेरीला उद्घाटन कसलं, असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. त्याचं असं झालं, की स्पर्धा सोमवारी सुरू व्हायची होती आणि नानासाहेब मुंबईला होते. नानासाहेब म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि स्पर्धेचे संयोजक बोरोले सर त्यांच्याच एका शाळेत मुख्याध्यापक. साहेब येईपर्यंत उद्घाटन नाही, हे सरांनी ठरवूनच टाकलं होतं. पण राज्यभरातून आलेल्या मुलींना थांबवून ठेवता येत नव्हतं. मग सरांनी तोड काढली. स्पर्धा सुरू झाली, उद्घाटन मागे राहिलं. आठवडाभर आम्ही उद्घाटन न झालेल्या स्पर्धेत खेळत होतो आणि व्यासपीठावर उद्घाटनाची समई तेल-वात घालून न पेटवता उभी होती. तेलात मुंग्या तरंगत होत्या. शनिवारी साहेब आले, सरांनी मुंग्यांसकट समई पेटवायला लावली आणि साहेबांनी स्पर्धेला शुभेच्छा दिल्या. म्हणाले, "आजपासून सुरू होणाऱ्या या स्पर्धेत..." कोणी हसलं नाही.

हसण्यासारखी माझी स्थितीच नव्हती. राज्य संघातली एक जागा उरली होती आणि त्या जागेवर दोघी जणी होत्या. एक मी, भुसावळची वैजयंती सावकारे, आणि दुसरी माझ्यासमोर बसलेली मिरजेची रेहाना मुजावर. तिचा अर्धा गुण माझ्यापेक्षा जास्त. तिला बरोबरी पुरत होती, मला जिंकणंच भाग होतं. संघात आले असते तर एका बँकेत खेळाडूंसाठी निघालेल्या जागांपैकी एक मला मिळणार होती. बँकेच्या माणसांनी तसं सांगूनच ठेवलं होतं, अट एकच, राज्य संघात निवड. म्हणजे पगार घेऊन खेळायचं, स्पर्धेला जायला हक्काची रजा. नाही झालं तर बी.एड.ला जायचं आणि पट माळ्यावर टाकायचा. घरात हे ठरलं होतं आणि ठरवलं होतं मीच. वय बावीस होतं. तेव्हा मला वाटत होतं, की आयुष्यात बुद्धिबळाखेरीज मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूक नव्हतं.

मला खेळायला शिकवलं आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी. आबा भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये चार्जमन होते. इंजिनाच्या तेलाने काळी पडलेली बोटं घेऊन घरी यायचे, साबणाने खसाखसा हात धुवायचे आणि मगच सोंगट्यांना हात लावायचे. ओल्या हाताने मी कधी प्यादं उचललं तर हातावर फटका बसायचा. आठवडाभर ते रजा टाकून माझ्याबरोबर लॉजवर राहिले होते. रेहाना कशी खेळते, कुठे कंटाळते, कुठे घाई करते, याचा त्यांनी अभ्यास केला होता. तिच्याविरुद्ध वजिरापुढच्या प्याद्याने सुरुवात करायची, डाव बंद ठेवायचा आणि तिला हळूहळू आवळत न्यायचं, हा बेत आबांचाच. आदल्या संध्याकाळी त्यांनी तो माझ्याकडून इतक्यांदा घोटून घेतला, की मला डोळे मिटून खेळता आला असता.

सकाळी वैशंपायन आमच्या पटाजवळ आले होते. नाशिकचा माणूस, नियमांचं पुस्तक पाठ.

"आज साहेब या पटावर पहिली चाल करतील," ते म्हणाले. "नावापुरती. तुम्हाला जी खेळायची तीच त्यांना करायला सांगू. कोणती सांगू?"

"वजिरापुढचं प्यादं, दोन घरं."

"बोरोले सर, ऐकलंत ना?"

"ऐकलं, ऐकलं," सर म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष व्यासपीठाच्या बॅनरकडे होतं. त्यावर साहेबांचा फोटो मोठा होता आणि घोड्याचं चित्र उलटं चिकटवलेलं होतं.

मग भाषणं झाली. कार्यालयात आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न उरकलं होतं. टेबलांखाली अक्षता पसरलेल्या, मागच्या दारातून वरणबट्टीचा आणि वांग्याच्या भाजीचा आंबूस वास येत होता. वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्यांपैकी वराच्या खुर्चीवर साहेब बसले. वधूची रिकामी ठेवली होती. साहेब म्हणाले, राजकारण हेसुद्धा बुद्धिबळच असतं. बोरोले सरांनी मान डोलावली. साहेब म्हणाले, आम्ही लहानपणी मारुतीच्या पारावर बुद्धिबळ खेळायचो, चार-चार जण मिळून, कवड्या टाकून. ते वेगळंच काहीतरी होतं हे तिथल्या प्रत्येक मुलीला कळलं. बोरोले सरांनी पुन्हा मान डोलावली. मग साहेब खाली उतरले. आमच्या पटाशेजारी स्पर्धेची फिरती ढाल मांडली होती, तिच्यामागे ते उभे राहिले. कोणीतरी पेढ्यांचं ताट पुढे केलं, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

टाळ्या थांबल्या. एक गृहस्थ साहेबांच्या पाया पडायला वाकले आणि त्यांच्या कानाशी लागून कसल्याशा बदलीचं बोलू लागले. साहेबांची पाठ आमच्याकडे झाली. मी रुमाल काढला, प्यादं पुसलं आणि परत त्याच्या जागी नेऊन ठेवलं. मग वजिरापुढच्या प्याद्याला हात घातला.

"ए, ए, काय करू राहिली तू?" बोरोले सरांनी माझं मनगट धरलं. खरोखर धरलं. त्यांचा तळवा घामेजलेला होता.

"माझी चाल खेळते आहे सर."

"साहेबांनी केली ना चाल?"

"ती नावापुरती होती. वैशंपायन सर, सांगा ना."

वैशंपायनांनी चष्मा काढला. "नियम यांच्या बाजूने आहे सर. घड्याळ अजून सुरू झालेलं नाही. उद्घाटनाची चाल बंधनकारक नसते."

"नियम मलाही माहितीय हो," सर खालच्या आवाजात म्हणाले. "पण साहेबांसमोर साहेबांची चाल पुसून टाकायची? पेपरवाले उभे आहेत. पुढच्या वर्षी हॉल कोण देणार, जेवणं कोण देणार? तुमची राहायची सोय कोणी केली, वैशंपायन?"

वैशंपायनांनी चष्मा परत लावला. "तसं पाहिलं तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका चालीने काही डाव जात नाही. तुम्ही मोठ्या खेळाडू आहात. घ्या जरा सांभाळून."

नियमांचं पुस्तक पाठ असलेला माणूस. मला वाटलं, याच्यापेक्षा साहेब बरे, त्यांना निदान नियम माहीत नाहीत.

तेव्हा समोरून रेहाना बोलली. आठवडाभरात तिच्या तोंडून मी चार शब्द ऐकले नव्हते. "खेळू दे की तिला, सर. तिची चाल तिनंच खेळायची. माझी काय तक्रार नाही."

"तू मधे पडू नको, बाई," सर म्हणाले.

"मधे कुठं? पट माझ्या समोरच हाय."

आवाज चढले तसे साहेब वळले. "काय झालं, सर?"

"काही नाही साहेब, काही नाही. मुलगी जरा घाबरली."

"घाबरले नाही," मी म्हणाले आणि उभी राहिले. मला आता साहेबांनाच सांगायचं होतं. शब्द तोंडात आले होते. साहेब, तुम्ही केलेली चाल वाईट आहे, मी माझी खेळते. एवढंच. त्यात उद्धटपणा काही नव्हता. वैशंपायनही माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला वाटतं, मी बोलले असते तर ते माझ्या बाजूने उभे राहिले असते.

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीखालून आबा आत आले.

मला इतकं हायसं वाटलं. आबा आले, आता आबा बघतील. आबांना ती चाल काय आहे हे त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. रजा त्यांनी टाकली होती, बेत त्यांचा होता.

आबा थेट पटाजवळ आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. वाकले, घोड्यापुढचं ते प्यादं त्यांनी बोटांत धरलं आणि दोन घरं पुढे ठेवलं. नीट, घराच्या बरोबर मध्यभागी. मग साहेबांकडे वळून हात जोडले.

"लेकरू आहे साहेब. समजत नाही अजून. माफ करा."

"असू द्या, असू द्या," साहेब म्हणाले. काय असू द्यायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पण मोठ्या माणसांना हे शब्द कुठेही वापरता येतात.

"आबा," मी म्हणाले.

"बस खाली."

मी हात पुढे केला, पण तोवर वैशंपायनांनी घड्याळाची कळ दाबली होती. आता रेहानाचा वेळ चालू होता. चाल झालेली होती.

मी खाली बसले. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग म्हणावा तर तोही धड नव्हता. मी हिशेब मांडून पाहत होते आणि तो लागत नव्हता. बोरोले सरांचं मला समजत होतं, साहेब त्यांचे धनी. वैशंपायनांचंही समजत होतं. पण आबा? आबा रेल्वेचे नोकर, केंद्र सरकारचे. नानासाहेब भंगाळे त्यांचं काय वाकडं करणार होते? त्यांच्या संस्थेत आमचं कोणी नव्हतं, त्यांच्या तालुक्यात आमचं घर नव्हतं, शेत नव्हतं, सोयरीक नव्हती. आबांनी त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मिळायचं काही नव्हतं आणि जायचंही काही नव्हतं. जायचं होतं ते फक्त माझं.

रेहानाने आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मान खाली घालून तिने तिच्या वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. तिचं चुकलं नाही. पटावर जे आहे त्याला उत्तर द्यायचं असतं. त्या चालीने तिच्या उंटाची वाट मोकळी झाली आणि त्याची नजर सरळ माझ्या त्या प्याद्यावर पडली. माझी दुसरी चाल त्याला वाचवण्यात गेली. आदल्या संध्याकाळी घोटलेला बेत दुसऱ्याच चालीला गटारात.

साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. सुपारी चघळत होते. "माझ्या प्याद्याला आधार दिला बघा," ते बोरोले सरांना म्हणाले. सर म्हणाले, "साहेब, सुरुवात भक्कम झाली." माझ्या कानाशी सुपारीचा कचकच आवाज आणि लवंगेचा वास. थोड्या वेळाने साहेबांना कंटाळा आला. ते वर जाऊन मखमली खुर्चीत रेलले आणि त्यांना डुलकी लागली.

मी खेळले. हे मला सांगायचंच आहे, की मी चांगली खेळले. इतकी चांगली मी आधी खेळले नव्हते आणि नंतरही नाही. हळूहळू मी मध्य ताब्यात घेतला, रेहानाचा एक घोडा कडेला अडकवला, दुपारपर्यंत एक प्यादं जिंकलं आणि मग आणखी एक. ती घाम पुसत होती. दोरीपलीकडे लोक जमले होते. त्यांत आबाही होते, मला ते न बघताच कळत होतं. माझा फक्त राजा उघडा होता. डावभर मी त्याला मध्ये ठेवला, इकडे-तिकडे दडवला, शेवटी नाइलाजाने त्या कोपऱ्यात नेला. भिंत नसलेल्या कोपऱ्यात.

वजिरांची अदलाबदल झाली असती तर संपलंच होतं. मी ती मागत होते आणि रेहाना देत नव्हती. मग तिने तिचा हत्ती सरळ माझ्या तोंडात दिला. मी तो मारला, मारावाच लागला. तिचा वजीर त्या उघड्या घरातून आत शिरला आणि शह. मी राजा बाजूला घेतला. पुन्हा शह. मी परत आले. पुन्हा शह. एक साधं प्यादं आपल्या जागी असतं तर त्या वजिराला आत यायला वाटच नव्हती. एक हत्ती आणि दोन प्यादी जास्त असूनही मी माझा राजा कोपऱ्यात पुढे-मागे करत होते. तीच स्थिती पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि ती तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सोडवता येतो. रेहानाने वैशंपायनांना हात केला.

"बरोबरी," वैशंपायन म्हणाले. ते माझ्यासमोर कागद धरून सहीची वाट बघत राहिले. सही करताना मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते कागदाकडे बघत होते.

रेहानाने हस्तांदोलन केलं. "तू जिंकायला पाहिजे होतीस," ती म्हणाली. तिची जागा पक्की झाली होती.

लगेच बक्षीस समारंभ उरकला. ज्या साहेबांनी सकाळी स्पर्धा सुरू केली त्यांनीच संध्याकाळच्या आत ती संपवली. रेहानाला पुष्पगुच्छ देताना साहेबांनी विचारलं, "काय पोरी, जिंकलीस ना?" माइक चालू होता.

"जिंकले नाही," रेहाना म्हणाली. "तुमच्या चालीनं वाचले."

सगळ्यांना वाटलं, साहेबांचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. पण साहेब तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा टाळ्यांत सामील झाला नाही.

मी बाहेर आले. दारात साहेबांची जीप उभी होती. आबा पिशव्या घेऊन पायरीवर थांबले होते. "दमली असशील," ते म्हणाले. एवढ्यात साहेब बोरोले सरांबरोबर बाहेर आले, पायरीच्या कडेला चूळ भरून थुंकले आणि मला बघून थांबले.

"इकडं ये पोरी. ती मिरजेची काय बोलू राहिली होती? माझी चाल वाईट होती?"

बोरोले सर घाईने म्हणाले, "साहेब, तसं काही नाही, पोरी काहीही..."

"तुम्हाला नाही विचारलं. हिला विचारलं."

"हो," मी म्हणाले. "वाईट होती."

"मग मागे का नाही घेतलीस?"

"घेतली होती."

साहेब बोरोले सरांकडे वळले. "मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. तुम्ही बोट दाखवलं, ते मी ढकललं. तेच का दाखवलं?"

सर घुटमळले. "साहेब, मधली प्यादी ढालीमागे जात होती. फोटोत तुमचा हात आला नसता. ते कडेचं नीट दिसत होतं."

"फोटोपायी?"

"पेपरला द्यायचा होता, साहेब."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, एक लाकडाचा तुकडा मागे घेतला म्हणून मी काय हिला खाल्लं असतं का? कोणी तोंड उघडून सांगायचं ना मला. सगळे मुके झाले होते?"

मी उभी होते. इतका वेळ मी या माणसाचा तिरस्कार करत होते, आणि तो असा सरळ निघाला. त्याने माझी किळस कमी झाली नाही, उलट वाढली. म्हणजे कुणालाच कशाचीच सक्ती नव्हती. कुणी मागितलंच नव्हतं. माझी जागा, माझी नोकरी, हे सगळं आमच्या लोकांनी न मागता त्याच्या पायाशी नेऊन ठेवलं होतं.

साहेबांनी आबांकडे पाहिलं. "तुम्ही वडील ना हिचे? ते प्यादं परत पुढं तुम्हीच ठेवलं. तुम्हाला कळतं ना हा खेळ?"

"कळतो, साहेब. मीच शिकवला तिला."

"मग तुम्ही सांगा. खरं सांगा. चाल वाईट होती का नव्हती?"

आबांनी पिशव्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता बोलतील. आता तर तोच माणूस विचारतो आहे, खरं सांगा म्हणतो आहे. रस्ता मोकळा आहे. फक्त हो म्हणायचं.

आबांनी हात जोडले. मान एका बाजूला कलली, तोंडावर मी कधी न पाहिलेलं एक हसू आलं.

"चाल उत्तमच होती, साहेब," ते म्हणाले. "पोरगीच कमी पडली."

माझ्या घशाशी आलं. खरंच आलं, मी तोंडावर हात धरला. आणि त्या क्षणी माझी नजर नानासाहेबांच्या चेहऱ्यावर गेली. ते आबांकडे बघत होते, वरपासून खालपर्यंत. त्यांचा ओठ एका बाजूला किंचित वर गेला होता आणि नाक मुरडलं होतं. जे माझ्या पोटात होतं तेच त्यांच्या तोंडावर होतं.

ते मात्र मला बघवलं नाही. मी आबांची किळस केली तर तो माझा हक्क होता, मला त्यांनी शिकवलं होतं, माझं त्यांनी घालवलं होतं. या माणसाने त्यांना तसं बघायचं काही कारण नव्हतं. आबांचे हात अजून जोडलेलेच होते. मी पुढे झाले, ते दोन्ही हात धरले आणि खाली ओढले. आबांनी जोर लावला, हात परत वर न्यायला बघितलं. मी सोडले नाहीत.

"अगं, काय करतेस," ते घाबरून पुटपुटले. "साहेब बघू राहिले."

"बघू द्या," मी म्हणाले, आणि जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत ते हात तसेच खाली दाबून धरले.